अकरा नंबरचा भोपळा

कुणीतरी चुगली केलीय. दुसरं काही नाही, सरळ सरळ चुगली. नाव सांगू नका, तुम्हाला सांगता येणार नाही हे मला माहीत आहे — पण तुमची पुढची फेरी महिनाअखेरची ठरली होती, ही जमीन घेणाऱ्या कंपनीच्या वकिलाने तसं कबूल केलंय, आणि आज तुम्ही सकाळीच गाडी घेऊन दारात हजर! म्हणजे कुणीतरी तुमच्या ऑफिसला फोन लावला आणि सांगितलं, खांबावरच्या भोपळ्यांतली घरटी रिकामी झाली, पाकोळ्या उडाल्या, या आणि बघून जा. एका बाईचं घर पाडलेलं बघायची इतकी घाई कुणाला झाली असेल हो? — नका मान हलवू. तुम्ही पोटासाठी आलात, कळतं मला. पक्ष्यांचं शिकायचं, चार वर्षं डोळे फोडून शिकायचं, आणि नोकरी कुठली मिळते, तर बुलडोझरवाल्यांना सांगायची, की हं, घरटी रिकामी आहेत, चालवा आता. बसा. त्या बादलीवर बसा, स्वच्छ आहे ती. खुर्च्या नाहीत. शेजारचे डॉयलकाका घेऊन गेले, त्यांच्याच होत्या.

हँडल? ते ना — सापडत नाहीये. खांब खाली घ्यायला हँडल लागतं, बरोबर, ते इथे या चौकोनी भोकात बसतं, फिरवलं की तार सुटत जाते आणि सगळे भोपळे हळूहळू खाली येतात, अगदी तोंडासमोर. डॉयलकाकांनी बनवलंय. गावातली शाळा बंद पडली तेव्हा तिथला झेंड्याचा खांब भंगारात निघाला होता, तो त्यांनी उचलून आणला, वर आडव्या दांड्या जोडल्या, खाली होडी ओढायचा रहाट बसवला, आणि यंदा साप चढू नये म्हणून तो पत्र्याचा गळपट्टा घातला. हँडल त्यांनी एकच केलं. एकच! म्हणजे हरवलं की संपलं. शोधलं मी, सगळीकडे शोधलं. तुमच्या गाडीत पाना असेल, तो बसणार नाही, आधीच सांगते. आई आत आहे, गुडघा शेकत पडलीय. तिला उठवायचं कारण नाही. तिचं जे काही आहे ते मी बघते. वकिलाशी मी बोलते, कंपनीशी मी बोलते, तुमच्याशीही मीच बोलणार. चारला माझी शिफ्ट असते, म्हाताऱ्यांच्या आश्रमात जेवणं वाढते मी — हो, पदवीधर आहे, नका असे बघू — तोपर्यंत मी इथेच आहे, आणि तोपर्यंत या खांबाला कुणी हात लावणार नाही.

बघा एकदा सगळीकडे नजर फिरवून. काय दिसतं? पायऱ्या दिसतात. प्रत्येक घराच्या तीन-चार पायऱ्या, लाकडी, काही सिमेंटच्या, आणि त्या चढून गेलं की वर काहीच नाही. घरं गेली, पायऱ्या राहिल्या. ती तिकडची, जिच्या कठड्याला अजून नाताळचे दिवे गुंडाळलेत, ती डॉयलकाकांची. याला म्हणतात फिरतं घर. चाकांवरचं घर! आयुष्यात एकदा फिरतं ते, कारखान्यातून इथपर्यंत, मग चाकं काढतात, खाली विटा लावतात, आणि ते तिथेच म्हातारं होतं. घर आमचं, जमीन दुसऱ्याची. जमीन विकली गेली की नवा मालक म्हणतो, घर तुमचंच आहे की, घेऊन जा! कुठे घेऊन जा? आईचं घर माझ्यापेक्षा मोठं आहे वयाने. उचललं तर मधून मोडेल. दुसरा कुठला पार्क, म्हणजे अशा घरांची वसाहत, इतकं जुनं घर आत घेत नाही. डॉयलकाकांचं तसंच मोडलं, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, रस्त्याच्या वळणावर, आणि आतून त्यांच्या बायकोचे पडदे बाहेर लोंबायला लागले. काका काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "चला, खिडक्या पुसायचं काम वाचलं." असा माणूस. आता लेकीच्या गॅरेजमध्ये राहतो.

तुम्ही वर काय बघताय सारखं? नाही दिसणार आत्ता. उन्हाच्या वेळी त्या नदीवर जातात, चतुर पकडायला. दुपारनंतर येतील.

तुम्हाला एक गंमत सांगते. भोपळे टांगणारे हे लोक स्वतःला काय म्हणवतात? तुम्हाला माहीत असणार. घरमालक! पाकोळ्या भाडेकरू आणि आपण घरमालक. मासिक निघतं त्यांचं, मेळावे भरतात, त्या मेळाव्यात माझ्या आईला — जिच्या नावावर जन्मात हातभर जमीन नव्हती त्या व्हर्नेल हार्बिसनला — टोपी मिळाली, निळी, पुढे मोठ्या अक्षरात 'घरमालक' असं शिवलेली. ती टोपी घालून ती कंपनीच्या मीटिंगला गेली. मी म्हटलं, आई, आज ती नको. म्हणाली, "ऊन लागतं गं." कंपनीचा तो माणूस, चकचकीत बुटांचा, सगळ्यांना समजावून सांगत होता, की हा निर्णय खूप जड अंतःकरणाने घेतलाय वगैरे — आणि मधेच त्याला टोपी दिसली. हसला. म्हणाला, "अरे वा, मॅडम, तुम्ही पण आमच्यातल्याच का?" लोक हसले. आपलेच लोक, ज्यांना दारात नोटीस चिकटवली होती तेच लोक, हसले! आणि आई काय म्हणाली असेल? मला वाटलं, आता बोलेल, आता तरी बोलेल. ती म्हणाली, "हो, पण मी माझ्या भाडेकरूंना अंडी असताना काढत नाही." त्या माणसाला कळलंच नाही. मला मात्र कळलं. माझ्या डोक्यात तिथेच उजेड पडला. सगळं तिथूनच सुरू झालं, त्या एका वाक्यातून. तिने सहज टाकलेलं वाक्य — पण मी ते उचललं.

कायदा मला माहीत होता, वर्गात शिकलो होतो, परीक्षेपुरता. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं हलवायचं नाही. रिकामं असेल तर खुशाल पाडा. माणसांना महिन्याभराची नोटीस पुरते, पाकोळीला मात्र पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही! मे महिन्यात ते फीत घेऊन मोजायला आले, आईच्या खांबावर केशरी रंगाचा फवारा मारून गेले, हा बघा, अजून आहे — त्याच दिवशी मी खांब उतरवला आणि एकेका भोपळ्याचा फोटो काढला. पांढरीशुभ्र अंडी, हिरव्या पानांवर. वकिलाला पाठवले. म्हटलं, या खांबाच्या आसपास यंत्र आणून दाखवा, वर्तमानपत्रात तुमचं नाव येईल. चार दिवसांत उत्तर आलं. बाकी सगळ्या जागा मोकळ्या करणार, ही एक जागा घरटी रिकामी होईपर्यंत तशीच. आणि जागा तशीच म्हणजे घर तसंच, आणि घर तसंच म्हणजे आई तशीच! रिकामी झाली की तीन दिवसांत बाहेर. पार्कात बातमी पसरली तेव्हा डॉयलकाका सामान बांधत होते. मला म्हणाले, "पोरी, मला आधी सांगायचंस. मीही प्रयत्न केला असता अंडी घालायचा." हसता हसता खोकायला लागले. मी नाही हसले. मला वाटलं, यात विनोद काय आहे? कायद्याने या बाईला पक्ष्यांच्या आडून जगू द्यायचं, पण बाई म्हणून नाही. आणि हे मला एकटीलाच लागतं, बाकी सगळे हसतात!

चहा घेणार? गोड आहे, थंड आहे. बर्फ नाही. पाणीही — म्हणजे पाणी आहे, पण कॅनमधलं. नळ महिन्यापासून बंद आहे, कंपनी म्हणते पाइप दुरुस्त करतोय, कुणी दुरुस्त करताना दिसतंय का तुम्हाला? आई पेट्रोलपंपावरून भरून आणते. मी गाडीने आणते म्हणते, पण माझ्या कामाच्या वेळा या अशा, आणि तिला सकाळी उठल्या उठल्या पाणी लागतं. जाते ती चालत, दोन हातांत दोन कॅन. गुडघा त्यानेच सुजलाय असं नाही काही. तो आधीपासूनच दुखतो. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. लढायचं म्हटलं की थोडं सोसावं लागतं, मी तिलाही तेच सांगते, आणि ती हो म्हणते. ती नेहमीच हो म्हणते.

तुम्ही पूर्वी इथे आला असता तर बघितलं असतं. मी बारावीत असताना एप्रिलमध्ये थंडी पडली, अवकाळी, दिवसचे दिवस भुरभुर पाऊस, हवेत एक किडा उडेना. पाकोळ्या उडता उडताच खातात, किडा नाही तर उपास. भोपळ्यांच्या तोंडाशी एकमेकींना चिकटून बसलेल्या, पिसं फुगवून. आईने अंड्यांची भुर्जी केली — मीठ नाही, काही नाही, नुसती अंडी — आणि प्लॅस्टिकच्या चमच्याने एकेक तुकडा हवेत उडवायला लागली, गोफणीसारखा. पहिले सगळे चिखलात. शेजारी खिडकीतून बघतायत, व्हर्नेलचं डोकं फिरलं. मग एका नराने झेप घेतली आणि तुकडा हवेतल्या हवेत पकडला! झालं, अर्धा पार्क चमचे घेऊन बाहेर. डॉयलकाका छत्री धरून, "व्हर्नेल, इतक्या वर्षांत मला कधी एक अंडं विचारलं नाहीस." आई म्हणाली, "तुम्ही हवेत पकडून दाखवा, तुम्हालाही देते." आणि त्यांनी, शपथ सांगते, तोंड उघडलं. तिने टाकला. चष्म्यावर बसला. पावसात उभं राहून आम्ही इतके हसलो, इतके — एकमेकांचे दंड धरून. मला वाटतं मी तेव्हाच ठरवलं की पक्ष्यांचं शिकायचं. की माणसांचं? मला आता आठवत नाही नक्की काय ठरवलं होतं ते.

आणि बघा, या पाकोळ्यांचं मला हेच पटत नाही. इथे, देशाच्या पूर्वेकडे, एकही झाडाच्या ढोलीत घर करत नाही आता. एकही नाही! कधीकाळी करायच्या. मग मूळच्या इथल्या आदिवासींनी भोपळे टांगले, मग सगळ्यांनीच टांगले, आणि या झाडं विसरून गेल्या. माणसाने भोपळा टांगला तर घर, नाही टांगला तर नाही. इतकं कुणावर अवलंबून राहावं? मी आईला म्हटलं एकदा, या विसरल्या गं, यांना आता स्वतःचं काही करताच येत नाही. तर म्हणते, "विसरल्या नाहीत. त्यांनी दोन्ही बघितलं आणि हे बरं वाटलं." बघितलं! जसं काही त्यांनी घरं दाखवणाऱ्या दलालाला बोलावलं होतं. तिचं हे असंच. भोपळ्यात चिमणीने घरटं केलं की आई दर आठवड्याला ते काढून फेकते, अंड्यांसकट, तोंडाने गाणं म्हणत. चिमण्या बाहेरच्या देशातून आणलेल्या, त्यांना कायद्याचं संरक्षण नाही. मी म्हटलं, आई, हे कंपनीसारखंच झालं. तिने हातातलं गवत खाली टाकलं आणि म्हणाली, "टॅन्सी, सगळ्यांना सगळीकडे राहता येत नाही." मला इतका राग आला! हे आमच्या घरात कोणी बोलावं? ज्यांच्या बाजूने मी उभी आहे तेच जर असं बोलायला लागले तर मी बोलायचं कोणाच्या वतीने?

थांबा — ती तुमची टोपी. गाडीत टाकलीय ती. ते आपलंच कॉलेज! कोणत्या वर्षी? — बापरे, म्हणजे तू माझ्यामागे एकच वर्ष. मग मी तुला अहो-जाहो काय करतेय इतका वेळ? मग तर तुला सगळं माहीत आहे. टेहळ्यांचं सांगितलं असेल तुम्हालाही पहिल्याच तासाला. फेब्रुवारीत पहिली पाकोळी येते, त्याला इथले सगळे टेहळ्या म्हणतात. तो पुढे येतो, जागा बघतो, भोपळे नीट टांगलेत का ते बघतो आणि परत जाऊन सगळ्यांना घेऊन येतो. पार्कात पोरासोरांना विचार, हेच सांगतील. मी कॉलेजला निघाले तेव्हा सगळे जमले होते, केक आणला होता, आणि केकवर जांभळ्या साखरेने लिहिलं होतं, 'आमची टेहळी'. डॉयलकाका म्हणाले, "जा, बघून ये कसं आहे ते, मग आम्हाला न्यायला ये." आणि मग वर्गात बाई सांगतात की हे सगळं खोटं आहे. कुणी टेहळ्या नसतो. पहिला येतो तो सगळ्यात म्हातारा, त्याला वाट पाठ असते म्हणून लवकर पोहोचतो, एवढंच. तो कुणासाठी येत नाही. तो कुणाला न्यायला परत जात नाही. मी सुट्टीत घरी आले आणि आईला हे सांगितलं, अगदी घाईने, मोठा शोध लागल्यासारखं. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, "बरं. पण बाकीच्या येतात ना?" म्हटलं, येतात, पण त्याच्यामुळे नाही. म्हणाली, "त्याला काय माहीत ते."

मी मात्र परत आले. मला न्यायचं नव्हतं कुणाला, मला इथेच सगळ्यांना टिकवायचं होतं. घरोघर फिरले, सह्या घेतल्या, म्हटलं सगळे एकत्र राहिलो तर कंपनी काही करू शकत नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. केक कापावा तशा हौसेने केल्या. आणि मग एकेक जण ट्रक बोलावून निघून गेला, रात्री निरोपही न घेता, मला टाळून! आता उरलो आम्ही दोघी. मी नसते तर आईही कधीच — नाही, म्हणजे मी नसते तर तिला कुणी राहूच दिलं नसतं.

तू परत वर बघतोयस. अकरा नंबर बघ, त्या उजवीकडच्या दांडीवरचा, त्याच्या पोटावर लाल आकडा आहे. त्यातल्या जोडीची पहिली अंडी सापाने खाल्ली, गळपट्टा घालायच्या आधी. त्यांनी दुसऱ्यांदा घातली, उशिरा. त्यातली पिल्लं आहेत अजून. बाकीचे गेले असतील, बाकीच्यांचं मी म्हणत नाही. अकरामध्ये आहेत. मी काल — परवा — मी रविवारी स्वतः तोंडं बघितली, तीन तोंडं, दारात. पूर्ण वाढलेली? हो, वाढलेली म्हणजे, पिसं आली होती, एक बाहेर दांडीवर येऊन बसलं होतं. मग काय झालं? दांडीवर बसणं म्हणजे उडणं नव्हे. आणि समजा उडाली — समजा म्हणतेय मी — तरी ती रात्री झोपायला परत येतात की नाही? तूही शिकलायस, येतात की नाही? कितीतरी दिवस येतात! मग ते घर त्यांचंच झालं ना? दिवसा माणूस घरी नसला म्हणजे घर रिकामं? तुझी आई बाजारात गेली तर तुझ्या घरावर बुलडोझर घालायचा? लिही तसं. 'वापरात आहे' असं लिही. तुला कुणी विचारणार नाही. दोन आठवडे, दोनच आठवडे मागतेय, तेवढ्यात एक पत्रकार बाई येणार आहेत, त्यांनी फोनवर जवळजवळ होच म्हटलंय. पाकोळ्यांना घर आहे आणि बाईला नाही — हे छापून आलं की बघ. मग कंपनीच आईला नवीन घर देईल, बघ तू.

आवाज ऐकलास का कुठला? मलाही नाही आला. दुपार आहे.

बरं, एवढं तरी सांग. नाव नको. पुरुषाचा आवाज होता की बाईचा? — बाईचा! तुझ्या तोंडावरच दिसतंय. म्हणजे डॉयलकाका नाहीत, सुटले. मग रोवेना. शंभर टक्के रोवेना! मागच्या रांगेत राहायची, तिने पण खांब लावला होता, आणि तिच्याकडे तीन वर्षं एक पाकोळी फिरकली नाही, सगळ्या आईकडे. भोपळ्यांना आतून रंग दिला होता तिने, गुलाबी. जळफळाट नुसता. आता हंट्सव्हिल शहरात फ्लॅटमध्ये राहते, माझ्या मावशीच्याच गल्लीत, आणि तिथून फोन करतेय बघ. पण तिला कसं कळलं अकरा नंबरचं? ती तर मेपासून इथे नाही. मावशीने सांगितलं असेल. आई मागच्या शनिवार-रविवारी मावशीकडे राहून आली, चर्चचं काहीतरी होतं, तेव्हा बोलली असेल आई भोळेपणाने. आईला कळत नाही काय बोलावं आणि काय नाही. परवा तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक नवी किल्ली दिसली, चकचकीत, म्हटलं ही कुठली? म्हणे, चर्चच्या हॉलची, तिकडे भांडी घासायला मदत करते. आता हंट्सव्हिलच्या चर्चची किल्ली हिला कशाला दिली त्यांनी? कामाला जुंपतात लोक तिला, ती नाही म्हणत नाही म्हणून.

आणि बशा. तू आत गेला असतास तर दिसलं असतं, बशा सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवल्यात. बाहेर इतकी घरं पाडली, धूळ येते, ती म्हणते धुळीने खराब होतील. दोन बशा बाहेर ठेवल्यात, तिची आणि माझी. बरोबरच आहे ना? धूळ येतेच. मी तर म्हटलं पडदेही काढून ठेव. तर हसली नुसती. हल्ली तशी हसते ती, आणि मी बोलत असले की माझ्या कपाळावरचे केस मागे सारते, मी लहान असताना ताप आला की सारायची तसे. मी म्हणते, आई, ऐकतेयस ना? मी तुझ्यासाठी करतेय हे सगळं. म्हणते, "ऐकतेय गं. जेवून घे."

नाही, उठू नकोस. हँडल नाहीये म्हटलं ना. शिडी लावणार? लाव, लाव शिडी, त्या खांबाला शिडी टेकली की गळपट्टा वाकेल, तो वाकला तर मी फोटो काढेन आणि तुझं नाव त्या फोटोखाली जाईल, तू आपल्या कॉलेजचा असलास तरी. मला वाईट वाटेल, पण जाईल. तुम्ही लोक असेच! शिकताना सगळे एका बाकावर, हात वर करून पृथ्वी वाचवणार, आणि बाहेर पडलात की पहिल्या पगाराला — आणि ही घरं, ही माणसं, ही यांच्यातली एकही जण स्वतःसाठी उभी राहत नाही, एकही जण! मीच का? मलाच का इतकं लागावं? मला इथे घर नाही, माझं नावही या जागेवर नाही, मी त्या सोफ्यावर झोपते, माझे पाय बाहेर येतात. मग मी कशासाठी — मी कुठे जाऊ सांग ना, इथून गेल्यावर? आई जाईल मावशीकडे, तिचं काय, ती कुठेही भोपळे टांगेल. मी कुठे परत येणार?

जाऊ दे. तुला सांगून काय उपयोग? तू जा. जा बाबा, महिनाअखेरीला ये, ठरल्याप्रमाणे, हँडल तोपर्यंत सापडेल. गाडी वळवताना त्या पायऱ्या सांभाळ, काकांच्या —

दार वाजलं. आई, तू कशाला उठलीस? गुडघ्यावर जोर देऊ नकोस. काही नाही, हे निघालेच होते, यांना मी सगळं समजावून — आई, ते हँडल कुठे मिळालं तुला? ते तर माझ्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खाली — तू डिकी कधी उघडलीस?

"अहो, मी तुम्हाला फोनवर चारनंतर या म्हटलं होतं ना? चारला ही कामावर जाते."